मूळ नसलेला शब्द

चि. मनूस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या नव्या नोकरीची खुशाली आई मला सांगत असते, आणि तक्रारीही. आकडा बरोबर असला तरी तुझ्या वरच्या मॅडम कागद परत पाठवतात. तो कोणत्या नोंदवहीतून, कोणत्या तारखेच्या चाचणीतून घेतला हे शेजारी लिहिलेलं नसेल तर सही करत नाहीत, आणि मग तुझी दुपार जुनी रजिस्टरं उपसण्यात जाते. औषधांच्या कारखान्यातलं मला काही कळत नाही. पण जन्मभर छापखान्यात प्रुफं वाचलेला माणूस म्हणून सांगतो, अशा बाई तुला पहिल्याच नोकरीत भेटल्या हे फार चांगलं झालं. मला असं का वाटतं, ते एका इंग्रजी शब्दाची हकिकत सांगितल्याशिवाय कळणार नाही. शब्द तुझ्याच विषयातला आहे, रसायनशास्त्रातला. डॉर्ड.

तू एमएस्सी केलंस तरी हा शब्द कधी ऐकला नसशील. तो छापला गेला तेव्हाही कुणी ऐकलेला नव्हता.

१९३४ साली अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफील्ड गावातून, मेरियम कंपनीनं वेबस्टरच्या मोठ्या इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती काढली. ६ लाखांहून अधिक नोंदी, ३,००० च्या वर पानं. एका हातानं उचलवणार नाही असा ग्रंथ. शब्दाच्या अर्थावरून वाद झाला की शाळेत, कचेरीत, वर्तमानपत्रात हा कोश उघडायचा आणि त्यात जे असेल ते मान्य करायचं, असा त्याचा मान होता. त्याच्या ७७१ व्या पानावर एक छोटीशी नोंद होती. ठळक अक्षरात शब्द, डॉर्ड. पुढे त्याचा उच्चार. मग ‘नाम’ अशी खूण. मग विषय, भौतिक व रसायनशास्त्र. आणि अर्थ एका शब्दात, डेन्सिटी, म्हणजे आपली घनता. तिच्या अलीकडे डॉर्कॉप्सिस, म्हणजे न्यू गिनीकडच्या छोट्या कांगारूंची एक जात. पलीकडे डोरे, म्हणजे सोनेरी. अशा दोन भारदस्त शेजाऱ्यांच्या मधोमध हा डॉर्ड बसलेला होता, आणि त्याच्याकडे पाहून कुणालाही शंका येऊ नये असा त्याचा थाट होता.

हा शब्द कुठल्याही रसायनशास्त्रज्ञानं कधी वापरलेला नव्हता. कुठल्या ग्रंथात नव्हता, प्रयोगवहीत नव्हता, कुणाच्या बोलण्यात नव्हता. तरी तो कोशात आला, आणि कसा आला याची पायरी न् पायरी आज आपल्याला माहीत आहे. मला या हकिकतीत सगळ्यात आवडतो तो हाच भाग, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कोश चिठ्ठ्यांवर तयार होतो. एक शब्द किंवा एक दुरुस्ती, की एक चिठ्ठी. विषयाचा जाणकार चिठ्ठी लिहितो, ती टंकली जाते, वर्गवारी होते, मग ती एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात राहते. कुणी शब्दाची जात ठरवतो, कुणी उच्चार लिहितो, कुणी व्युत्पत्ती पाहतो. या आवृत्तीत रसायनशास्त्राच्या शब्दांची जबाबदारी ऑस्टिन पॅटर्सन यांच्याकडे होती. माणूस अधिकारी. ‘केमिकल अ‍ॅब्स्ट्रॅक्ट्स’ या नियतकालिकाचं संपादन त्यांनी केलेलं होतं, रसायनशास्त्रज्ञांसाठी जर्मन-इंग्रजी कोश रचलेला होता. ३१ जुलै १९३१ या दिवशी त्यांनी एक चिठ्ठी पाठवली. रोमन लिपीतलं डी हे अक्षर कशाकशाचं संक्षिप्त रूप म्हणून वापरतात याची यादी कोशात होतीच. त्या यादीत घनता हा आणखी एक अर्थ जोडावा, एवढंच त्यांना सुचवायचं होतं. हे अक्षर मोठंही चालतं, छोटंही चालतं. म्हणून चिठ्ठीवर आधी मोठा डी, मग ‘किंवा’ या अर्थाचा इंग्रजी शब्द ऑर, मग छोटा डी. खाली अर्थ, डेन्सिटी. चिठ्ठी अगदी निर्दोष होती.

आता दोन गोष्टी एकत्र आल्या. पहिली अशी की आधीच्या, म्हणजे १९०९ साली निघालेल्या आवृत्तीत संक्षेप आणि शब्द एकाच अनुक्रमात, एकमेकांत मिसळून छापलेले होते. नव्या आवृत्तीत संक्षेपांचा वेगळा विभाग करून तो शेवटी टाकायचं ठरलं होतं. म्हणजे संक्षेपांच्या चिठ्ठ्या एका गठ्ठ्यात आणि शब्दांच्या दुसऱ्या. पॅटर्सन यांची चिठ्ठी शब्दांच्या गठ्ठ्यात गेली. दुसरी गोष्ट टंकनाची. त्या काळी मुख्य शब्द टंकताना अक्षरा-अक्षरात मोकळी जागा सोडायची पद्धत होती. त्यामुळे डी, ऑर, डी हे तीन वेगळे तुकडे बघणाऱ्याला डी, ओ, आर, डी अशी चार सुटी अक्षरं दिसली. शब्दांच्या गठ्ठ्यातली चिठ्ठी, त्यावर चार सुटी अक्षरं, म्हणजे हा शब्दच असणार. वाचला, डॉर्ड.

मग छापखान्यासाठी नवी चिठ्ठी तयार झाली. तिच्यावर कुणीतरी ‘नाम’ लिहिलं. अर्थ घनता, तेव्हा नामच असणार, तर्क बरोबर होता. मग उच्चार लिहिला गेला. पुढे याच कंपनीत संपादक असलेल्या फिलिप गोव्ह यांनी १९५४ मध्ये ‘अमेरिकन स्पीच’ या नियतकालिकात ही सगळी हकिकत छापली. ते म्हणतात की उच्चार लिहिला गेला तेव्हाच, नुकत्याच जन्मलेल्या मुलाच्या पाठीवर थाप मारावी तसं होऊन, या शब्दात श्वास आला. मला हे वर्णन अगदी खरं वाटतं. नुसती चार अक्षरं कागदावर असतात तोवर माणूस संशयानं बघतो. पण त्यांचा उच्चार कसा करायचा हे एकदा कुणी जाणकारानं लिहिलं, की वाटतं, हे बोलणारी माणसं कुठेतरी असणार.

व्युत्पत्ती बघणाऱ्याच्या टेबलावर ही चिठ्ठी गेली की नाही, याचा पुरावा नाही. गेली असती तर बहुधा तिथेच अडली असती. कारण डॉर्डला ना लॅटिन मूळ, ना ग्रीक, ना जर्मन. त्यानंतर उरला होता फक्त मुद्रितशोधक. आणि गोव्ह लिहितात की त्याची नजर त्या क्षणी नेहमीइतकी जागरूक आणि संशयी नव्हती.

मनू, इथे मला त्या अनोळखी माणसाची बाजू घ्यायची आहे. आमच्याकडे प्रुफं कशी वाचायचे ते तू लहानपणी पाहिलं आहेस. एक जण मूळ प्रत मोठ्यानं वाचायचा, स्वल्पविराम, अर्धविराम, ऱ्हस्व-दीर्घ सगळं उच्चारून. दुसरा गॅली प्रुफावर बोट ठेवून ताडून बघायचा. खिळा उलटा बसलाय, काना निखळलाय, ओळ दोनदा जुळली गेलीय, हे या पद्धतीत सापडतं. मुद्राराक्षस म्हणून आम्ही ज्याच्या नावानं बोटं मोडायचो, तो एवढाच. पण त्या अमेरिकन मुद्रितशोधकापुढे काय होतं? प्रतीत डॉर्ड, प्रुफात डॉर्ड. जुळलं. प्रूफ प्रतीशी जुळतं की नाही हे त्याचं काम होतं आणि ते त्यानं केलं. प्रत स्वतः कशाशी जुळते, हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं. चूक प्रुफाच्या दोन टेबलं आधीच झाली होती, आणि नव्या चिठ्ठीनं जुनी चिठ्ठी झाकून टाकली होती. पुढच्या प्रत्येक माणसानं आपल्या हातातली चिठ्ठी पाहिली, तिच्या मागची कुणी पाहिली नाही.

तुझ्या मॅडम जे मागतात ते हेच आहे. आकडा मागच्या तक्त्याशी जुळतो, हे त्यांना पुरत नाही. मागचा तक्ता कशावरून केला, हे त्यांना हवं असतं. तुझ्या कामात घनतेचा आकडा चुकला तर कुणाच्या तरी पोटात चुकीची मात्रा जाईल. कोशातला डॉर्ड कुणाच्या पोटात गेला नाही, एवढाच काय तो फरक.

शब्द छापला गेला आणि ५ वर्षं कुणाच्या लक्षात आला नाही. मग २८ फेब्रुवारी १९३९ ला कंपनीतलाच एक संपादक कोश चाळत असताना त्याला या नोंदीत काहीतरी कमी दिसलं. शब्द होता, उच्चार होता, जात होती, विषय होता, अर्थ होता. व्युत्पत्ती नव्हती.

तू म्हणशील, अशा कितीतरी शब्दांची व्युत्पत्ती माहीत नसते. खरं आहे. इंग्रजीत कुत्र्याला जो साधा शब्द आहे, डॉग, त्याचं मूळ आजवर कुणाला पक्कं सांगता आलेलं नाही. पण तिथे कोशकार ‘मूळ अज्ञात’ असं लिहितो. म्हणजे मी शोधलं, इथवर गेलो, पुढे रस्ता नाही. ती प्रामाणिक नोंद आहे आणि तिच्यामागे कष्ट आहेत. डॉर्डच्या पुढे तेही नव्हतं. नुसती कोरी जागा. ‘सापडलं नाही’ आणि ‘कुणी पाहिलंच नाही’ या दोहोंतला फरक त्या कोऱ्या जागेत त्या संपादकाला दिसला. मला त्याचं फार कौतुक वाटतं. छापलेल्या अक्षरातली चूक पुष्कळांना दिसते. जे छापलेलंच नाही ते दिसायला वेगळी नजर लागते.

त्यानं जुन्या चिठ्ठ्या काढल्या. आणि इथे त्या कंपनीला हात जोडावेसे वाटतात, कारण साडेसात वर्षांपूर्वीची, तारीख घातलेली, पॅटर्सन यांची मूळ चिठ्ठी जपून ठेवलेली होती. ती सापडली आणि सगळा उलगडा झाला. ती चिठ्ठी नसती तर काय झालं असतं याचा विचार कर. पॅटर्सन यांच्यावर ठपका आला असता, त्यांनी काहीतरी विचित्र शब्द आणला म्हणून. नाहीतर आणखी वाईट, कुणा विद्वानानं डॉर्डसाठी एखादं ग्रीक मूळ शोधून काढलं असतं. विद्वानांना ते अवघड नसतं. तुझ्या फायलीतली तारीख आणि सही ही केवळ तपासनीस आला तर दाखवायला नसते. चूक झालीच तर ती नेमकी कुणाच्या टेबलावर झाली आणि कुणाच्या टेबलावर झाली नाही, हे तिच्यावरूनच कळतं. निर्दोष माणसाचा तो एकच साक्षीदार असतो.

मग छापखान्याला हुकूम गेला, प्लेट बदला, अत्यावश्यक, तातडीचं. शब्द काढला, आणि डी या संक्षेपाच्या अर्थांत घनता जोडली, म्हणजे पॅटर्सन यांचं मूळ म्हणणं अखेर पार पडलं. पण छापखान्यातल्या माणसाला माहीत असतं, शब्द काढणं सोपं नाही. पान एकदा धातूच्या प्लेटवर चढलं की त्यातली एक ओळ कमी झाल्यावर तिथे भोक राहतं. पुढचा सगळा मजकूर वर सरकवायचा म्हटलं तर पानामागून पान बदलावं लागेल. त्यांनी काय केलं बघ. शेजारीच डोरे भट्टीची नोंद होती. सोनं-चांदी मिसळलेल्या कच्च्या धातूला डोरे म्हणतात, ती शुद्ध करायची भट्टी. तिचा अर्थ आधी थोडक्यात होता, ‘डोरे धातू शुद्ध करण्याची भट्टी’ अशासारखा. तो त्यांनी ‘जिच्यात डोरे धातू शुद्ध केली जाते अशी भट्टी’ असा लांबवला. अर्थ तोच, शब्द थोडे जास्त, आणि मोकळी जागा भरून निघाली. हे वाचलं तेव्हा मला त्या परक्या देशातल्या जुळाऱ्याशी आपली जुनी ओळख असल्यासारखं वाटलं. आम्हीही असंच करायचो. लेखकाला विचारून एखादं ‘आणि’ वाढवायचं, एखादा ‘तर’ घालायचा, की ओळ बसायची. तरीही १९४० नंतर निघालेल्या काही प्रतींत डॉर्ड दिसतोच. छापलेलं अक्षर एकदा बाहेर पडलं की त्याला घरी आणायला वेळ लागतो.

अशा शब्दांना इंग्रजीत एक नावही आहे, भूतशब्द म्हणावं असं. ते दिलं केंब्रिजचे प्राध्यापक वॉल्टर स्कीट यांनी, १८८६ मध्ये, लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत, म्हणजे भाषाशास्त्राच्या सभेत, अध्यक्ष म्हणून बोलताना. स्कीट स्वतः इंग्रजीच्या व्युत्पत्तिकोशाचे कर्ते, त्यामुळे त्यांना या जमातीचा चांगलाच राग होता. जे शब्द कधी अस्तित्वातच नव्हते, नकलनवीस, छापणारे किंवा उत्साही संपादक यांच्या चुकांमधून जन्मले, त्यांना कोशात थारा देऊ नये असं त्यांचं म्हणणं. त्यांनी दिलेल्या उदाहरणांतलं एक आपल्याशी संबंधित आहे. १८०८ च्या ‘एडिंबरा रिव्ह्यू’ या नियतकालिकात हिंदूंच्या कठोर व्रतांबद्दल लिहिताना म्हटलं होतं की काही जण हातांतून काइम्स आरपार घालतात. आता हे काइम्स म्हणजे हिंदुस्थानातलं काय हत्यार असेल? हत्यार वगैरे काही नाही. नाइव्ह्ज, म्हणजे सुऱ्या, हा साधा शब्द चुकीचा जुळला गेला होता. पण दूरच्या देशाबद्दलचा मजकूर, त्यात अनोळखी शब्द आला तर वाचणारा समजतो की तिकडचा असेल. अनोळखी मुलखात भूतशब्द सुखानं राहतो. डॉर्डलाही रसायनशास्त्राच्या पाटीचाच आसरा मिळाला. भाषेच्या माणसांनी मानलं की हे शास्त्रवाल्यांचं काहीतरी असेल, आणि शास्त्रवाले घनतेचा अर्थ बघायला इंग्रजी कोश उघडतच नव्हते.

स्कीट यांच्याच काळात जेम्स मरे ऑक्सफर्डचा मोठा कोश रचत होते. त्यांनी १८८२ मध्ये अ‍ॅबॅकॉट या शब्दाचा छडा लावला. इंग्लंडच्या राजांची दोन मुकुटांच्या आकाराची टोपी, असा त्याचा अर्थ कोशांतून छापला जात होता. मरे मागे मागे जात राहिले आणि १५८७ च्या एका इतिहासग्रंथाच्या आवृत्तीपाशी पोचले. मूळ शब्द बायकॉकेट, एक प्रकारची टोपी. आधी त्याला ‘एक’ या अर्थाचं इंग्रजी ‘अ’ चिकटलं, मग अक्षरं झिजली, मग चुकली, आणि अ‍ॅबॅकॉट झालं. पुढच्या कोशकारानं मागच्याचं पाहून घेतलं, त्याच्या पुढच्यानं त्याचं पाहून. जवळपास ३०० वर्षं. डॉर्ड त्या मानानं लवकर सापडला म्हणायचा.

चुकीतून जन्मलेला प्रत्येक शब्द मात्र मरत नाही. एक तर तू शाळेपासून रोज उच्चारत आलीस. सिलॅबस. ख्रिस्तपूर्व ५६ च्या सुमारास रोमन वक्ता सिसेरो आपलं ग्रंथालय लावून घेत होता. त्यानं आपल्या अ‍ॅटिकस या मित्राला पत्र लिहून, ग्रंथांच्या गुंडाळ्यांना नावाच्या पट्ट्या लावायला माणसं पाठव असं कळवलं. त्या पट्ट्यांसाठी त्यानं सिट्टिबा हा ग्रीक शब्द वापरला. पंधराव्या शतकात त्याची पत्रं छापली गेली तेव्हा तिथे सिट्टिबासच्या जागी सिलाबोस असं पडलं. वाचणाऱ्यांनी ते खरं मानलं, त्याचा अर्थ यादी असा केला, आणि सतराव्या शतकापर्यंत तो इंग्रजीत आला. आज सोलापूरपासून सिडनीपर्यंत परीक्षेच्या आधी पोरं सिलॅबस कुठवर आलाय ते विचारतात. छापील चुकीला इतकं मोठं घर दुसरं मिळालं नसेल.

आणि मुद्दाम घातलेले खोटे शब्दही असतात. २००१ मध्ये ऑक्सफर्डच्या अमेरिकन कोशात एस्क्विव्हॅलियन्स हा शब्द छापला, आपली जबाबदारी जाणूनबुजून टाळणं या अर्थाचा. शब्द संपादकांनीच बनवलेला. दुसऱ्या कुणी आपला कोश न विचारता उचलला तर हा शब्दही त्यांच्याकडे जाईल आणि चोरी पकडली जाईल, हा हेतू. यात लक्ष देण्याजोगी गोष्ट अशी की या शब्दाला त्यांनी व्युत्पत्तीही दिली होती. एकोणिसाव्या शतकाचा शेवट, बहुधा फ्रेंचमधल्या निसटणे, टाळणे अशा अर्थाच्या क्रियापदावरून. म्हणजे भोळ्या चुकीला मूळ नव्हतं, आणि ठरवून केलेल्या खोट्याला मूळ होतं. तेव्हा शेजारी काहीतरी लिहिलेलं आहे एवढ्यावर थांबू नकोस. नोंदवहीचा क्रमांक दिलेला असेल तर ती नोंदवही उघड आणि पान बघ. कोशात हे सापळे कामापुरते क्षम्य असतील, मला तरी ते पटत नाहीत. ज्या पुस्तकावर लोक डोळे मिटून विश्वास ठेवतात, त्यात जाणूनबुजून एकही खोटी ओळ असू नये.

आपल्याकडच्या कोशकारांनी मुळाची फार काळजी घेतली आहे. आपल्या घरातला मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश काढून बघ. १८३१ मध्ये मुंबईत तो पहिल्यांदा निघाला, १८५७ मध्ये सुधारून वाढवून. शब्द संस्कृतातून आला असेल तर शेजारी एस हे अक्षर, फारसीतून आला असेल तर तशी खूण. पॅटर्सन यांनी चिठ्ठी लिहिली त्याच सुमारास पुण्यात दाते-कर्वे मंडळी महाराष्ट्र शब्दकोशावर काम करत होती, त्याचा पहिला विभाग १९३२ मध्ये आला. त्यात नोंदीच्या शेवटी चौकटी कंसात मूळ दिलेलं असतं. पुढे १९४६ मध्ये कृ. पां. कुलकर्णी यांनी मराठीचा व्युत्पत्तिकोशच वेगळा केला. त्यातल्या काही व्युत्पत्तींवर नंतरच्या अभ्यासकांनी वाद घातला आहे, आणि वाद घालता आला हेच मला महत्त्वाचं वाटतं. मूळ लिहिलेलं असलं तर ते खोडता तरी येतं. काहीच न लिहिणाऱ्याशी कुणी वाद कसा घालणार?

राहता राहिलं गोव्ह यांचं एक वाक्य. हेच गोव्ह पुढे १९६१ च्या तिसऱ्या आवृत्तीचे मुख्य संपादक झाले. हकिकत सांगून झाल्यावर ते म्हणाले, शब्द गेला हे कदाचित वाईटच झालं, कारण डॉर्डचा अर्थ घनता का असू नये? मी यावर बराच विचार केला. सिलॅबस चालतो, मग डॉर्ड का नको? दोघांचा जन्म चुकीतूनच. माझं उत्तर असं की सिलॅबस लोकांनी बोलून बोलून आपला केला. शिक्षकांनी फळ्यावर लिहिला, मुलांनी पाठ केला, विद्यापीठांनी छापला. शब्दाला मूळ लागतं, आणि मूळ हरवलंच असेल तर निदान बोलणारी माणसं लागतात. डॉर्डला दोन्ही नव्हतं. त्याला फक्त एक पान होतं, आणि त्या पानावर विश्वास ठेवणारे लोक. तेवढ्यावर शब्द उभा करता येत नाही, म्हणून तो काढला ते योग्यच केलं असं मी म्हणेन. त्या कोशाच्या माणसांनी ती चूक कायमची लपवून ठेवली नाही, आपल्याच चिठ्ठ्या काढून सगळ्यांसमोर मांडली, याबद्दल मला त्यांच्याविषयी आदर वाटतो.

तुझ्याकडून मला एक गोष्ट हवी आहे. पॅटर्सन यांच्या वेळी घनतेसाठी डी लिहायचे. हल्ली ग्रीक ऱ्हो लिहितात असं मी वाचलं. तुमच्या प्रयोगशाळेतल्या कागदांवर नेमकं काय असतं, आणि दोन्ही चालत असतील तर कोणत्या कागदावर कोणतं, हे मॅडमना विचारून कळव. आणि ते कुठल्या नियमपुस्तकात लिहिलंय, त्याचं नाव आणि पानही.

जेवणाची आबाळ करू नकोस. आईनं मेतकूट आणि कुळथाचं पीठ पाठवलंय, शुक्रवारपर्यंत पोचेल.

तुझे,
बाबा